गाळपेरातले राजहंस

यवतमाळ जिल्ह्याचे नाव काढले म्हणजे महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे कापूस उभा राहतो, आणि अलीकडच्या काही दशकांत त्या कापसामागून जे दुःख चालत आले तेही उभे राहते. परंतु पाणपक्ष्यांचा मुलूख म्हणून या जिल्ह्याची ख्याती कोणी ऐकलेली नाही, आणि ती नसावी याला भूगोलाचाच भक्कम आधार आहे. पूर्वेस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा या दोन नद्यांनी हद्द आखून दिलेल्या या १३,५८२ चौरस किलोमीटरांच्या प्रदेशात नाव घेण्याजोगे नैसर्गिक सरोवर नाही. काळ्या पाषाणाच्या थरांवर आणि त्याहून काळ्या जमिनीवर पडलेला पाऊस पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा अशा नद्यांच्या वाटेने दिवाळीपर्यंत वाहून जातो, आणि त्यानंतर त्या नद्यांच्या पात्रांत जे उरते ते डोह आणि डबकी यांच्या पलीकडचे नसते. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाच्या बाजूस कोहळी समाजाने शतकांपूर्वी तलाव बांधून ठेवले, नवेगावबांधसारख्या जलाशयांच्या काठी पक्ष्यांच्या असंख्य पिढ्या नांदल्या, आणि मारुती चितमपल्लींसारखा वनाधिकारी-लेखक त्या काठावर राहून पक्ष्यांविषयी लिहिता झाला. तो वारसा वऱ्हाडाच्या या दक्षिण कोपऱ्याच्या वाट्याला आला नाही.

येथे आज जे पाणी दिसते ते सर्व सरकारी पाणी आहे. पुसद तालुक्यातल्या गहुली गावचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७१ साली, पूस नदीवरचे धरण उभे राहिले, आणि पुढे १९८२ च्या सुमारास पैनगंगेवर इसापूरचा प्रचंड बांध पुरा झाला. त्यानंतर दिग्रसजवळ अरुणावती, बाभुळगाव तालुक्यात बेंबळा, आणि लहानसहान प्रकल्पांची तर जिल्हाभर एक मोठी यादीच झाली. या प्रत्येक जलाशयाखाली कोणाची ना कोणाची गावे, शेते आणि देवळे गेली, हे विसरून येथील पक्ष्यांविषयी लिहिता येत नाही. कारण ज्या पाण्यावर आज हिवाळ्यात चक्रवाकांच्या जोड्या तरंगतात ते पाणी कोणाच्या तरी सातबाऱ्यावर उभे आहे. इसापूरच्या जलाशयाचा आणि लगतच्या भूभागाचा सुमारे ३७ चौरस किलोमीटरांचा टापू आता पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झालेला आहे, आणि तो यवतमाळ व हिंगोली अशा दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. पैनगंगा ही वऱ्हाड आणि निजामाचे राज्य यांच्यामधली जुनी सरहद्द. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या अमलाखाली गेला, आणि तेव्हापासून या नदीच्या दोन काठांवर दोन दफ्तरे, दोन नाणी आणि दोन कायदे नांदले. १९३१ साली सलीम अली हैदराबाद संस्थानाच्या पक्ष्यांची मोजदाद करण्यास निघाले, तेव्हा तीही संस्थानाच्या मुलखाची मोजदाद होती. पक्ष्यांनी मात्र ही सरहद्द मानल्याचा पुरावा कोणत्याही दफ्तरात नाही.

सरकारी पाण्याला सरकारी वेळापत्रक असते, आणि यवतमाळात पाणपक्ष्यांचे छायाचित्र काढू पाहणाऱ्याने कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकाआधी हे वेळापत्रक वाचावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. १५ ऑक्टोबर रोजी धरणात किती साठा आहे हे पाहून कालवा सल्लागार समिती रब्बीसाठी किती पाणीपाळ्या द्यावयाच्या ते ठरवते, त्याप्रमाणे कालव्याची दारे उघडतात, आणि जलाशयाची पातळी पायरीपायरीने खाली सरकू लागते. पाणी तुडुंब असते त्या दिवसांत काठ असा नसतोच. लाटा थेट बाभळीच्या बुंध्याला आणि बेशरमाच्या झुडपांना भिडलेल्या असतात. अशा पाण्यावर चांदव्यांचे काळे थवे आणि टिबुकल्या यांखेरीज फारसे काही हाती लागत नाही, आणि तेही इतक्या अंतरावर, की सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधूनसुद्धा ते पाण्यावर सांडलेल्या मिऱ्यांसारखे दिसतात. पहिली पाणीपाळी सुटली म्हणजे वीतभर चिखलाची किनार उघडी पडते, आणि त्या किनारीवर, जणू ती त्यांच्यासाठीच राखून ठेवली होती अशा हक्काने, तुतवार, शेकाटे आणि सायबेरियाच्या टुंड्रातून आलेले, वजनाने तीस ग्रॅमच्या आतबाहेर असणारे टिलवे उतरतात. दुसऱ्या पाळीनंतर चिखल रुंदावतो, उथळ पाण्यात थापटे आणि तलवार बदके चरू लागतात, चमचे आपली चपटी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवीत एका रांगेत पुढे सरकतात, आणि वरच्या अंगाला सुकत चाललेल्या गाळावर माणसाची लगबग सुरू होते.

या सुकत्या गाळाला गाळपेर म्हणतात. धरणाच्या बुडीत क्षेत्रातली जी जमीन पाणी ओसरल्यावर उघडी पडते ती पाटबंधारे खाते एका हंगामापुरती कसावयास देते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या प्रकल्पग्रस्तांचा तीवर पहिला हक्क मानला जातो. नांगराचे फारसे काम नाही, खताची गरज नाही, ओलावा खालून आपोआप मिळत असतो. हरभरा, गहू, थोडा भुईमूग आणि उन्हाळ्याच्या तोंडावर टरबूज, अशी ही शेती. म्हाताऱ्या बापाने जेथे ज्वारी पेरली होती त्याच शिवारात, वर्षातले सात-आठ महिने ते पाण्याखाली राहून बाहेर आल्यावर, मुलगा हरभरा टोकतो. आणि याच हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यावर, हिमालय ओलांडून, तिबेटच्या पठारावरून आणि मंगोलियाच्या सरोवरांवरून आलेले राजहंस चरतात. पक्षिशास्त्राच्या मराठी ग्रंथांत त्यांना पट्टकादंब म्हटलेले आढळते. पांढऱ्या मस्तकावर मागच्या बाजूस दोन काळे आडवे पट्टे असलेला हा करडा हंस समुद्रसपाटीपासून ७,२९० मीटर उंचीवरून उडाल्याची यंत्रांनी नोंद केलेली आहे. इतक्या उंचावरून आलेल्या पाहुण्याने गाळपेरातल्या हरभऱ्यावर उतरावे, यात मला या जिल्ह्याचा थोडासा गौरवच वाटतो.

माझे या मुलखातले वाटाडे पुसदच्या एका शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. सारा परिसर त्यांना गुरुजी म्हणून ओळखतो. शेंबाळपिंपरीच्या बाजूने उजाडण्यापूर्वी आम्ही काठावर पोहोचलो तेव्हा पाण्यावर धुक्याचा एक पातळ थर पसरलेला होता, आणि त्या थराच्या आतून, दिसण्याच्या आधी, हंसांचे नाकातून आल्यासारखे ते दबके बोलणे ऐकू येत होते. एका कोळ्याने आपले टायरचे ट्यूब पाण्यात लोटण्यापूर्वी आमच्या तिपाईकडे पाहिले आणि विचारले, "त्या बदकाईसाठी आले काय?" गुरुजींनी होकार देत यंदा हंस किती दिसतात असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, "पाणी उतरलं का येतेतच ते, भाऊ. त्याहिले काय पत्रिका धाडा लागते?"

हंसांच्या जवळ जाणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. थव्यातले बहुतेक जण मान खाली घालून चरत असतात, परंतु कडेचे दोन-चार जण काठीसारखी मान ताठ करून उभे असतात, आणि त्यांपैकी एकाने जरी तो विशिष्ट स्वर काढला की सगळ्या माना एकदम वर येतात. त्या क्षणी जो पुढे पाऊल टाकतो त्याला थवा उडाल्याचे छायाचित्र मिळते. हौशी मंडळींच्या संग्रहांत तशी छायाचित्रे विपुल असतात आणि ती पाहणारास फार आवडतात, पण त्यांतला प्रत्येक हंस छायाचित्रकाराला भिऊन उडालेला असतो, हे त्या चौकटीत कोठे लिहिलेले नसते. गुरुजींची रीत निराळी. ते गावच्या गुराख्याशी संधान बांधतात, आणि गुरे गाळपेराच्या कडेने पाण्यावर निघाली की त्यांच्या आडोशाने, कंबरेत वाकून, तिपाई बगलेत धरून, गुरांच्याच चालीने चालू लागतात. गुराखी पाऊणशेच्या घरातला, पण नजर तिखट. मी जरासा पुढे सरकलो तसा तो खेकसला, "गाईच्या मांगं राहा, मास्तर, पुढं नोका होऊ. तिले नाई भीत ते, तुमाले भीतेत."

ही युक्ती गुरुजींची नाही, गुराख्याचीही नाही; ती फार जुनी आहे. मध्य प्रांतातल्या जातिजमातींविषयी रसेलने १९१६ साली जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात पारध्यांच्या पोटशाखा सांगताना, बैलाच्या आडून सावजाजवळ जाणाऱ्या 'गायके' नावाच्या शाखेचा उल्लेख आहे. वऱ्हाडात फासेपारध्यांचे बेडे आजही आहेत, आणि गुरांच्या पायांत पाय मिसळून चालण्याची ती कला, जिच्यापायी कित्येक हरणांनी आणि माळढोकांनी प्राण गमावले असतील, तीच आता एक चित्रकलेचा शिक्षक हंसांना धक्का लागू नये म्हणून वापरतो. तिकडे इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी या कीर्टन बंधूंनी, ज्यांना पक्षी-छायाचित्रणाचे आद्य प्रवर्तक म्हणतात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पेंढा न भरलेला एक पोकळ बैल बनवून घेतला होता. त्याच्या पोटात उभे राहून, छातीच्या भोकातून ते कॅमेऱ्याचे भिंग बाहेर काढीत. एकदा तो बैल आतल्या छायाचित्रकारासकट उलथला आणि त्याचे चारही पाय आकाशाकडे झाले, अशी हकीकत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी ओढीत घरोघर हिंडणाऱ्या आमच्याकडच्या पोरांना तो बैल पाहावयास मिळता तर त्यांनी त्याच्यापुढेही पोळ्याचा बोजारा मागितला असता.

गुरे पाण्यावर थांबली, आम्ही चिखलात पालथे पडलो, आणि सूर्य वर आला. यानंतरचा जो तास-दीड तास असतो तोच कामाचा. डिसेंबरातले ऊन तिरपे असते, हंसाच्या करड्या पिसांच्या कडा त्यात वेगवेगळ्या मोजता येतात, आणि भिंग पाण्याच्या पातळीशी आणले की पक्ष्याच्या डोळ्यात समोरच्या काठाची रेघ उमटलेली दिसते. उभ्याने काढलेल्या छायाचित्रात पक्षी हा जमिनीवर पडलेला एक पदार्थ वाटतो. त्याच्या डोळ्याच्या उंचीवर आपला डोळा नेला म्हणजे तो व्यक्ती होतो. म्हणून चिखल. पांढऱ्या बगळ्याचे छायाचित्र काढताना कॅमेऱ्याचे यंत्र मागच्या काळ्या पाण्याला फसून बगळ्याला चुन्याचा ठिपका करून टाकते, तेव्हा प्रकाश मुद्दाम कमी घ्यावा लागतो. काळ्या शराटीच्या बाबतीत याच्या उलट. नऊ-साडेनऊ वाजले की ओल्या गाळावरून ऊन परत फिरू लागते, हवा थरथरते, आणि मग भिंग कितीही मोलाचे असो, दूरचा पक्षी त्यात पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखा हलत राहतो. नवशिके या वेळी लेन्सला दोष देतात. जाणते तिपाई मिटतात आणि न्याहारीस जातात.

न्याहारी आम्ही एका गाळपेरवाल्याच्या झोपडीपुढे केली. त्याने चहा दिला, गुरुजींच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपल्या शेतात चरणारे हंस कौतुकाने पाहिले, आणि मग शांतपणे म्हणाला, "फोटो काढा बाप्पा, पन हरबऱ्याचे पैसे कोन देईल थे सांगा." या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. रानडुकरांनी अथवा रोह्यांनी पीक उद्ध्वस्त केले तर पंचनामा होतो आणि नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो; परंतु जेथे जमीनच मुळात सरकारची, लागवड एका हंगामाची, आणि खाणारा पाहुणा कायद्याने संरक्षित, तेथे तलाठ्याने पंचनाम्यात काय लिहावे? तो शेतकरी रात्री डबा वाजवून हंस उठवतो आणि सकाळी आमच्यासारख्यांना चहा पाजतो. या दोन्ही गोष्टी त्याच्या मनात सुखाने एकत्र नांदतात, आणि मला वाटते की पक्षिप्रेमाच्या सभांतून जे बोलले जाते त्यापेक्षा हे अधिक खरे आहे.

हिंदुस्थानात पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा इतिहास हा बराचसा बंदूक खाली ठेवण्याचा इतिहास आहे, आणि तो अन्यत्र सांगून झालेला असल्यामुळे येथे विस्ताराने सांगत नाही. लोथर या इंग्रज गृहस्थाचे या देशातल्या पक्षी-छायाचित्रणावरचे पुस्तक १९४९ साली निघाले. सिंगापूरचे चित्रपटव्यावसायिक लोक वान थो हे सलीम अलींच्या सोबतीने येथील पक्ष्यांची छायाचित्रे काढीत हिंडले. ती सारी मंडळी ऐपतदार, सामान जड, आणि काचेच्या अथवा फिल्मच्या प्रत्येक चौकटीला किंमत असलेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदुकीला आळा बसला, अभयारण्यात छायाचित्रणासाठीही परवान्याची तजवीज झाली, आणि मग या शतकाच्या आरंभी अंकीय कॅमेरा आला, ज्याने चौकटीची किंमत शून्यावर आणली. पाचव्या नोव्हेंबरचा चितमपल्लींचा जन्मदिवस आणि बाराव्या नोव्हेंबरचा सलीम अलींचा, या दोहोंमधला आठवडा राज्य सरकारने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा करावयास घेतला आहे. त्या आठवड्यात यवतमाळच्या जलाशयांच्या काठीसुद्धा लांब नळ्यांचे कॅमेरे दिसू लागतात. गंमत अशी, की त्याच सुमारास पाणी अजून पुरेसे उतरलेले नसते, आणि मंडळी खट्टू होऊन परततात.

गुरुजींच्या घरी मी त्यांचा संग्रह पाहिला, आणि या लेखात मला जे खरोखर म्हणावयाचे आहे ते तेथे सुचले. प्रत्येक छायाचित्राच्या त्यांनी दोन प्रती केलेल्या होत्या. एकीत चक्रवाकांची जोडी सोनेरी पाण्यावर, मागे काही नाही, पुढे काही नाही. हिमालयातले एखादे निर्मनुष्य सरोवर म्हणून खपावे असे. दुसरीत तीच जोडी, तेच पाणी, पण चौकट रुंद. आणि त्या रुंद चौकटीत डावीकडे कालव्यावर बसवलेले डिझेल इंजिन, त्याचा काळा पाईप, उजवीकडे हरभऱ्याची ताटे, मागे धुणे धुणाऱ्या दोन बाया, आणि मध्ये पाण्यातून वर आलेला, मीटरचे आकडे रंगवलेला पातळीदर्शक खांब. पहिली प्रत स्पर्धेला जाते; तिला एक-दोनदा पारितोषिकही मिळाले. दुसरी वहीत राहते. मी विचारले, स्पर्धेला ही का नाही पाठवीत? ते हसले, म्हणाले, परीक्षकांना खांब चालत नाही.

परीक्षकांना खांब चालत नाही ही गोष्ट खरी आहे, आणि ती केवळ यवतमाळपुरती नाही. पाणपक्ष्यांचे छायाचित्र म्हणजे माणूस वगळलेले छायाचित्र, असा एक अलिखित दंडक पडून गेला आहे. त्यापायी विजेच्या तारा पुसल्या जातात, कोळ्याचे ट्यूब कापले जाते, गुरे बाहेर राहतात. नवेगावच्या किंवा भरतपूरच्या बाबतीत हा दंडक चालू शकेल. परंतु ज्या जिल्ह्यात पाणीच पाटबंधारे खात्याचे, चिखल पाणीपाळीचा, चारा गाळपेराचा, आणि पक्ष्याजवळ जाण्याचा आडोसासुद्धा गुराख्याचा, तेथे या सगळ्यांना वगळून काढलेले छायाचित्र सुंदर असेल, पण ते असत्य आहे. तो खांब तर मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो चौकटीत असला म्हणजे त्या दिवशी जलाशयाची पातळी किती होती आणि त्या पातळीला कोणते पक्षी कोठे बसले होते, हे दोन्ही एका दृष्टिक्षेपात कळते. दहा वर्षे अशी छायाचित्रे साठली तर कोणत्या पातळीला टिलवे येतात, कोणत्या पातळीला हंस उतरतात, हे कोणत्याही अहवालाविना सांगता येईल. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, आणि तिच्यात आकडे मिळतात. पण आकड्यामागची पाण्याची गोष्ट खांबच सांगतो.

छायाचित्राचा असा उपयोग हा कल्पनेचा खेळ नव्हे. मंगोलियात संशोधकांनी काही हंसांच्या गळ्यांत अक्षरे-अंक लिहिलेले पट्टे चढवले, आणि त्यांपैकी काही पक्षी विदर्भातल्या जलाशयांवर छायाचित्रांतूनच ओळखले गेले. पट्ट्यावरची अक्षरे डोळ्यांना दिसत नव्हती, ती भिंगाने वाचली. तेव्हापासून गुरुजी हंसांचे छायाचित्र काढताना प्रत्येकाचा गळा तपासतात. या कामात कंटाळा पुष्कळ आणि हाती लागणे थोडे. त्यांना अद्याप एकही पट्टा गवसलेला नाही, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नाही.

दुपारी काठाने परतताना तंगूस जाळ्याचा एक तुकडा आम्हाला दिसला. तंगूस म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा. पाण्यात तो माशाला दिसत नाही, आणि पाण्याखाली बुडी मारून मासळीमागे धावणाऱ्या पक्ष्यालाही दिसत नाही. तुकड्यात एक टिबुकली मरून पडली होती. तळहातावर मावेल एवढा पक्षी. पायांच्या बोटांना पानांसारख्या पाळ्या, चोचीच्या मुळाशी पिवळसर ठिपका, पिसे अजून ओली. गुरुजींनी तिचेही छायाचित्र काढले, जाळ्याच्या गाठीसह. सकाळचा कोळी तोवर काठाला आला होता. त्याला दाखवले तेव्हा त्याने मान हलवली. "पानडुबी अटकली तं जायं माहंच फाटते नं, साहेब. म्या कायले अटकवीन?" मच्छीमार सहकारी संस्थेने बीज सोडलेले, त्याच्या वाट्याला रोहू-कटल्याचे दिवसाचे काही किलो, आणि जाळे फाटले की चार दिवसांची कमाई त्यात जाते. काठावर टाकून दिलेली जाळी वेचून जाळून टाकावी, एवढे तरी व्हावे, असे तो स्वतःच म्हणाला. पण वेचणार कोण, हे त्यालाही सांगता येईना.

उन्हाळ्यात चित्र पालटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेचे पाहुणे निघून जातात, जलाशय आक्रसतात, आणि काही वर्षी तर ते अतिशय आक्रसतात. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरवणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली, आणि शहरात टँकरभोवती रात्र-रात्र रांगा लागल्या. अशा दिवसांत आटत्या धरणाच्या तळाशी उरलेल्या डबक्यावर बगळे आणि चित्रबलाक यांची जी गर्दी होते ती छायाचित्रकाराला पर्वणी वाटते, आणि तेथे उभे राहून खटाखट शटर दाबताना माणसाला थोडी लाज वाटली तर ती योग्यच आहे.

उन्हाळ्यातले खरे रहिवासी म्हणजे नदी सुरय. करडी पाठ, डोक्यावर काळी टोपी, हळदीसारखी पिवळी चोच आणि दुभंगलेली शेपटी असा हा पक्षी नदीतल्या वाळूच्या व खडकांच्या बेटांवर, केवळ एका खळग्यात, अंडी घालतो. जगभरच्या यादीत आता त्याची गणना संकटग्रस्त पक्ष्यांत होते, आणि त्याचे कारण बहुतांशी अशी बेटेच उरली नाहीत हे आहे. पैनगंगेच्या पात्रात, इसापूरच्या खाली, अशी बेटे उन्हाळ्यात अजून उघडी पडतात. मे महिन्यात येथे पारा ४४ अंशांपलीकडे जातो, खडक पाय ठेववत नाही इतके तापतात; सुरय आणि नदी टिटव्या पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतात आणि त्या ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. ऊब देण्यासाठी नव्हे, अंडी शिजू नयेत म्हणून. हे ज्याने एकदा पाहिले त्याला घरट्याजवळ छायाचित्र का काढू नये हे वेगळे सांगावे लागत नाही: माणूस बेटावर उतरला की पक्षी उठतो, डोक्यावर कर्कश घिरट्या घालतो, आणि तो फोटो मनासारखा येईपर्यंत खाली अंडी भाजत राहतात. अनेक स्पर्धांनी घरट्यावरची छायाचित्रे आता वर्ज्य केली आहेत, हे चांगले झाले. गुरुजी ती पलीकडच्या काठावरून काढतात. चौकटीत पक्षी अंगठ्याच्या नखाएवढा येतो, आणि बेट पूर्ण येते.

बेट पूर्ण येण्याला एक कारण आहे. नदीकाठच्या गावांच्या विहिरी एप्रिलमध्ये तळाला लागतात, आणि मग वरून पाणी सोडण्याची मागणी होते, अर्ज होतात, मोर्चे निघतात. पाणी सोडावेच लागते. माणसांच्या घागरीपुढे सुरयाच्या अंड्यांची वकिली करण्याचा धीर कोणाला होईल? पण सोडलेले पाणी एका रात्रीत हातभर चढते आणि बेटावरची वीण वाहून जाते. पाणी आठवडाभर आधी, म्हणजे पक्षी अंड्यांवर बसण्यापूर्वी सुटले, तर तेच पक्षी उंच खडक निवडतात आणि कोणाचेच नुकसान होत नाही, असे गुरुजींचे अनुमान आहे, आणि त्यांच्या वहीतल्या तारखांवरून मला ते निराधार वाटत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी बेटांची छायाचित्रे, तारखा आणि घरट्यांचा कच्चा नकाशा जोडून एक अर्ज संबंधित कार्यालयात दिला. आवक कारकुनाने तो उलटसुलट पाहिला, कोणत्या सदरात घ्यावा असे सहकाऱ्याला विचारले, शेवटी 'किरकोळ' सदरात नोंदवून रीतसर पोच दिली. पाणी ठरल्या तारखेसच सुटले. यंदा गुरुजी तोच अर्ज फेब्रुवारीत, उन्हाळी आवर्तनाची बैठक भरण्याच्या आधी देणार आहेत. त्याला पाणी चढल्यानंतरच्या बेटाचे छायाचित्र जोडणार आहेत, आणि खालच्या दोन गावांच्या सरपंचांच्या सह्या मिळवण्याच्या खटपटीत आहेत. एका सरपंचाने सही दिली आहे. दुसऱ्याने आधी पक्षी दाखवा म्हणून अट घातली आहे, आणि त्याला काठावर न्यावयाचे ठरले आहे.